घरी पावडर कोटिंग करताना : सांगलीतल्या शेडमधून वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं

२०१९ च्या महापुरात गावभागातल्या मामांची मोटरसायकल पाच दिवस पाण्याखाली होती. इंजिन मेकॅनिकने वाचवलं, पण साइड स्टँड, कॅरिअर, लेगगार्ड, साडीगार्ड सगळं दिवाळीपर्यंत गंजाने फुगून आलं. ते भाग सुधारायचे म्हणून विश्रामबागेतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी पावडर कोटिंग शिकायला लागलो. हा माझा धंदा नाही. पण तेव्हापासून ओळखीपाळखीतली मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहितो आहे.

साध्या स्प्रे पेंटपेक्षा यात वेगळं काय?

पेंट ओला असतो, थिनर उडून गेलं की वाळतो. पावडर कोरडीच मारतात. रेझिन, रंगद्रव्य आणि हार्डनर एकत्र वितळवून, थंड करून दळलेली ती पूड असते. ती उडवणाऱ्या गनच्या टोकाला हजारो व्होल्टचा ऋण भार असतो. त्याच्या जवळून जाताना कणांवर भार चढतो आणि जॉब, म्हणजे ज्यावर कोटिंग करायचं तो भाग, अर्थ केलेला (वायरने जमिनीला जोडलेला) असल्यामुळे ते त्याच्याकडे ओढले जातात, मागच्या बाजूलाही वळून बसतात. भट्टीत ही पूड आधी वितळून पसरते, मग तिचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन थर कडक होतो. एकदा पक्का झालेला थर परत तापवला तरी वितळत नाही. एका हातात साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाडी बसते. उडणारी खडी आणि धुण्याचं पाणी सोसण्यात डब्यातला स्प्रे याच्या जवळपासही येत नाही.

घरी खरंच कारखान्यासारखं काम होतं का?

लहान लोखंडी भागांवर होतं. साइड स्टँड, फुटरेस्टचे ब्रॅकेट, ब्रेक पेडल, चेनकव्हर, बॅटरीचा ट्रे, कॅरिअर, आरशाचे दांडे या वस्तूंपासून सुरुवात करा. कारखान्यात धुण्यासाठी सात टाक्यांची प्रक्रिया असते, आपल्याकडे दोन बादल्या आणि ब्रश. म्हणून आपलं काम जमतं की फसतं हे गनवर ठरत नाही, धुण्यावर आणि अर्थिंगवर ठरतं. मी हे पुढे परत सांगणार आहे, कारण नवीन माणूस सगळं लक्ष गनकडे देतो.

कोणते भाग घरच्या भट्टीत अजिबात घालू नयेत?

शॉक ॲब्सॉर्बर जोडलेल्या अवस्थेत कधीही नाही. आत तेल आणि कोंडलेला वायू असतो. २०० अंशांना तो फुटू शकतो. हीच गोष्ट बंद पोकळ्या असलेल्या कुठल्याही भागाची. पाइपाची दोन्ही तोंडं वेल्डने बंद असतील आणि आत पाणी साचलेलं असेल, तर वाफेला जायला वाट नसते. पुरातून निघालेल्या गाड्यांच्या पाइपांत गाळ आणि पाणी हमखास सापडतं. जॉब कानाजवळ धरून हलवून बघा. शंका आली तर भट्टीत घालू नका.

पेट्रोलची टाकी नाही. धुऊन वाळवली तरी शिवणीत वाफा राहतात, आणि हा धोका घरात पत्करण्यासारखा नाही. अलॉय व्हीलही नाही. ढोबळपणे बोलायचं तर ॲल्युमिनियमच्या बऱ्याच चाकांची ताकद कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. तापमान हाताबाहेर गेलं किंवा जास्त वेळ राहिलं तर ती उतरते, आणि चाकाकडे बघून ते कळत नाही. स्प्रिंग, ॲक्सल आणि जास्त ताकदीचे बोल्टही बाजूला ठेवा. ब्रेकच्या डिस्कवर पावडर मारायचीच नसते.

चेसिस घरच्या भट्टीत मावत नाही, ती बाहेर द्यावी लागते. त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

बाकी कुठलाही भाग घालण्याआधी रबर बुश, बेअरिंग, ऑइल सील, प्लास्टिकच्या टोप्या, स्टिकर सगळं काढा. जुनी पुट्टी भरलेली असेल तर तीही खरवडून काढा. ती या उष्णतेला टिकत नाही, फुगते आणि वरची पावडर घेऊन निघते.

कमी पैशात काय काय घ्यावं लागेल?

भाव सारखे बदलतात म्हणून आकडे लिहीत नाही, क्रम सांगतो. पहिला खर्च मास्क, चष्मा आणि हातमोज्यांवर. दुसरा भट्टी आणि तिचं तापमान मोजण्यावर. तिसरा कंप्रेसरला लावायच्या पाणी-फिल्टरवर. गन शेवटी. हौशी लोकांची स्वस्त गन लहान भागांना पुरते. कारखान्यातल्या गन १०० किलोव्होल्टपर्यंत जातात, त्यांची आपल्याला गरज नाही.

कंप्रेसर एक एचपीचा, २४ लिटर टाकीचा असला तरी चालतो, कारण गनला १० ते २० पीएसआय एवढाच हलका दाब लागतो. हवा मात्र कोरडी हवी. जुलैत सकाळी कंप्रेसरच्या टाकीचा खालचा नळ उघडा, किती पाणी निघतं ते दिसेल. ते पाणी गनमध्ये गेलं की पावडरचे गोळे होतात आणि जॉबवर थुंकल्यासारखे पडतात.

स्वयंपाकघरातला ओटीजी वापरला तर चालेल का?

ओटीजी चालेल, पण त्यानंतर तो परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. कोटिंग शिजताना निघणाऱ्या वाफांचा थर आत बसतो. त्यात पाव-केक भाजणं म्हणजे मुलांच्या तोंडी तो थर देणं. आईने किंवा बायकोने नवा घेतल्यावर जुना शेडमध्ये आणा, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

दोन हजार वॅटचा ओटीजी साधारण ९ अँपिअर खेचतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट हवा, दिव्याच्या बोर्डावरून वायर ओढू नका. त्याच्या बटणावरच्या आकड्यांवरही विश्वास नको. माझ्या ओटीजीचा काटा २०० वर असताना आत १७० होते. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) जोडता येणारा मल्टिमीटर घ्या आणि त्याचं टोक जॉबलाच तारेने बांधा. शिवाय हीटरची लाल दांडी जॉबपासून चार बोटं तरी लांब हवी, नाहीतर तेवढ्या जागी कोटिंग करपतं.

जुन्या फ्रिजची किंवा कपाटाची भट्टी करता येते का?

फ्रिजची करू नका. भिंतींत फोम भरलेला असतो, आत प्लास्टिकचं अस्तर असतं, आणि २०० अंशांना त्यातून विषारी धूर येतो, आग लागू शकते. फोमचा कण न् कण खरवडला तरच तो पत्रा वापरता येतो, आणि तेवढ्या मेहनतीत कपाटाची भट्टी तयार होते.

मी भंगारातून लोखंडी कपाट आणलं. आत दुसरा पत्रा बसवून मधल्या दोन इंचांत रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी तंतूंची लोकर) भरली. ती हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क घाला. तंतू कातडीत घुसतात आणि दोन दिवस खाज जात नाही. तळाशी दीड-दीड किलोवॅटचे दोन हीटर आहेत आणि त्यांच्यावर आडवा पत्रा, म्हणजे जॉबला थेट आंच लागत नाही, गरम हवा लागते. दाराला काचेच्या दोरीची गॅस्केट आहे. आतला जुना रंग कोटिंगच्या पहिल्या दिवसाआधीच जाळून घेतला, शेडची सगळी दारं उघडी ठेवून.

विजेचं काम वायरमनकडून करून घ्या. तीन किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर तासन् तास. त्याला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट झाला की तोडणारा स्विच), आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. वीजबिलावर मंजूर भार किती आहे तेही बघा. तापमान सांभाळायला पीआयडी कंट्रोलर (तापमान बघून हीटर कमी-जास्त करणारं यंत्र) आणि त्याच्या इशाऱ्यावर हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, म्हणजे सॉलिड स्टेट रिले लागतो. हा रिले बिघडला की बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतो, म्हणजे भट्टी तापतच राहते. म्हणून २४० अंशांना वीज तोडणारा वेगळा थर्मोस्टॅट मी बसवला आहे. भट्टी चालू असताना मी शेड सोडत नाही.

कोटिंग पापुद्र्यासारखं सुटून येतंय. काय चुकलं?

धुणं चुकलं. दहापैकी नऊ वेळा हेच उत्तर आहे.

माझं पहिलं काम म्हणजे मामांच्या गाडीचा साइड स्टँड. भट्टीतून निघाला तेव्हा काळा कुळकुळीत आणि इतका देखणा की मी तो घरात सगळ्यांना दाखवला. दोन आठवड्यांनी बिजागरीजवळ एक कड उचललेली दिसली. नखाने ओढली तर बोटभर लांब पट्टी सापाच्या कातीसारखी सलग निघाली. पट्टी आतून गुळगुळीत होती आणि लोखंडावर ग्रीसचा बारीक पिवळट डाग होता. मी वरवर पुसून घेतलं होतं. बिजागरीत मुरलेलं ग्रीस भट्टीत पातळ होऊन बाहेर पाझरलं होतं.

आता माझा क्रम असा आहे. आधी डिझेल आणि ब्रशने माखलेलं ग्रीस काढायचं. मग गरम पाण्यात डिग्रीझर किंवा भांड्यांचं लिक्विड घालून घासायचं, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवायचं. मग पाण्याची परीक्षा : जॉबवर पाणी ओता. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर जॉब स्वच्छ आहे. पाणी फाटून थेंब जमले तर तिथे तेल आहे, परत घासा. त्यानंतर जॉब कोराच भट्टीत घालून २०० ते २१० अंशांना अर्धा-पाऊण तास तापवायचा. सांध्यांत आणि ओतीव भागांच्या छिद्रांत मुरलेलं तेल याच वेळी बाहेर येतं, तपकिरी डाग दिसतात. ते परत धुवायचं. शेवटी थिनरने न तंतू सोडणाऱ्या फडक्याने पुसायचं आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाच्या घामाचा ठसाही खालून गंजतो.

थिनरने पुसलेला जॉब पूर्ण वाळल्याशिवाय भट्टीत किंवा गनसमोर न्यायचा नाही. त्याच्या वाफा पेट घेतात.

गंज कसा काढावा? सँडब्लास्टिंग घरी होईल का?

लहान कंप्रेसरवर होत नाही; त्याला हवा खूप लागते. पुढे खूप भाग करायचे असतील तर कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत ब्लास्टिंग करून आणा, त्या पृष्ठभागावर पावडर जशी धरते तशी घासकागदावर धरत नाही. ब्लास्ट करून आणलेला जॉब त्याच दिवशी कोट करा. पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत त्यावर तांबूस झाक येते.

घरी करायचं तर ग्राइंडरला तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पेपर. खड्ड्यांतल्या गंजासाठी फॉस्फोरिक ॲसिडवर आधारलेलं डिरस्टिंगचं रसायन मिळतं, त्याने फॉस्फेटचा पातळ थरही बसतो. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. धुतल्यावर लगेच १०० अंशांच्या भट्टीत वाळवा. आणि वापरलेलं ॲसिड गटारीत ओतू नका, आपली गटारं शेवटी कृष्णेलाच मिळतात. धुण्याचा सोडा थोडा थोडा घालून फेस यायचा थांबेपर्यंत ते मारा, मग आपल्या भागातल्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्या.

ॲल्युमिनियमचा जुना थर काढायला कॉस्टिक सोडा वापरू नका. ते धातूच खातं आणि हायड्रोजन सोडतं.

पावडर जॉबवर बसतच नाही, खाली पडते.

अर्थिंग बघा. गनची अर्थ-क्लिप जॉब टांगलेल्या दांडीला लावलेली असते, पण दांडीवर आणि हुकावर मागच्या खेपेचं कोटिंग असतं, म्हणजे जॉब हवेतच लटकतोय. हूक दर वेळी टोकाला घासून चकचकीत करा. मी जमिनीत स्वतंत्र अर्थ-रॉड ठोकून तिथून तांब्याची वायर आणली आहे. घराच्या न्यूट्रलला अर्थ समजून जोडू नका, ते जिवावर बेतू शकतं. मल्टिमीटरने जॉब आणि अर्थ यांतला रोध मोजा. तो १ मेगाओमच्या खाली असायलाच हवा.

आतल्या कोपऱ्यांत पावडर का जात नाही?

गन आणि जॉब यांच्यातल्या विद्युतक्षेत्राच्या रेषा कडांना जाऊन भिडतात, खोल कोपऱ्यात शिरत नाहीत, आणि भारित कण त्या रेषांबरोबरच जातात. म्हणून कोपरे आधी मारा, सपाट भाग नंतर. हवेचा दाब कमी करा, गनला व्होल्टेज कमी करायची सोय असेल तर तेही. तरीही जमलं नाही तर जॉब १०० ते १२० अंशांपर्यंत तापवून मग मारा; गरम धातूवर पूड लागताच चिकटते. या पद्धतीत थर भराभर जाड होतो, हात हलका ठेवा.

मास्किंग कशाला लागतं? नंतर खरवडता येतं की.

खरवडताना कड तडकते आणि तिथूनच गंज सुरू होतो. आट्यांमध्ये सिलिकॉनचे प्लग घाला, बेअरिंगच्या बैठकीवर उष्णता सोसणारी हिरवी पॉलिस्टर टेप किंवा त्याहून टिकाऊ पॉलिइमाइड टेप लावा. साधी मास्किंग टेप भट्टीत जळते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. जिथे दोन भाग बोल्टने आवळले जातात, तिथे जाड कोटिंग ठेवू नका. दाबाखाली थर हळूहळू बसतो आणि बोल्ट सैल पडतो. बसवल्यावर शे-दीडशे किलोमीटरने सगळे बोल्ट परत तपासा. बॅटरीची अर्थ वायर जिथे बॉडीला लागते ती जागा कोरीच हवी.

किती तापमान, किती वेळ?

पावडरच्या खोक्यावर किंवा डेटाशीटवर लिहिलेलं असेल तेच. बऱ्याच पॉलिस्टर पावडरींना २०० अंशांना १० मिनिटं किंवा १८० ला २० मिनिटांच्या आसपास लागतात. पण हे तापमान धातूचं आहे, भट्टीतल्या हवेचं नाही. माझ्या भट्टीत पातळ चेनकव्हर आठ-नऊ मिनिटांत तापतं, भरीव साइड स्टँडला वीस मिनिटं लागतात. मोजणी तिथून पुढे सुरू करायची. लांबून तापमान मोजणारी लेसरची बंदूक चकचकीत धातूवर कमी आकडा दाखवते, तिच्यावर विसंबू नका.

भट्टीच्या काचेतून बघत राहा. आधी जॉब पीठ लावल्यासारखा निस्तेज असतो. मग एखाद्या पातळ कडेला ओलसर चमक येते आणि ती सरकत सरकत पूर्ण जॉबवर पसरते. ते बघून नवीन माणूस भट्टी बंद करतो. ती फक्त वितळलेली असते, पिकलेली नाही.

प्रत्येक खेपेला सोबत पत्र्याची एक पट्टी कोट करा. थंड झाल्यावर ती वाकवा. थर तडकून उडाला तर कच्चं आहे. थिनरच्या फडक्यावर रंग उतरला तरी कच्चंच. तसं असेल तर जॉब परत भट्टीत घालून वेळ पूर्ण करता येतो.

छोटी छिद्रं किंवा संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग आला तर?

छिद्रं म्हणजे आतून वायू निघाला. कोऱ्या जॉबचं तापवणं कमी पडलं. गोल खळगे म्हणजे तेल, बहुतेक वेळा कंप्रेसरच्या हवेतलं. संत्र्याची साल थर फार जाड किंवा फार पातळ झाल्याने येते.

काळजी काय घ्यावी? शॉक बसतो का?

करंट अगदी कमी असतो, चिमटा बसल्यासारखा झटका लागतो. पण पेसमेकर बसवलेल्या माणसाने गनजवळ उभंच राहू नये.

खरी भीती हवेत तरंगणाऱ्या पुडीची आहे. आपल्याकडे पिठाच्या आणि हळदीच्या गिरणीत बारीक पूड कशी सगळीकडे पसरते ते सगळ्यांनी पाहिलं आहे. बंद खोलीत अशी सेंद्रिय पूड दाट झाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. पावडर मारताना भट्टी बंद, विडी-काडी लांब, देवघराचा दिवा आणि गॅस दुसऱ्या खोलीत. सांडलेली पूड घरच्या व्हॅक्यूमने ओढू नका, त्याच्या मोटरची ठिणगी आतल्याच धुळीला लागते. ओल्या फडक्याने गोळा करा.

किमान एन-९५ मास्क, बंद चष्मा, पूर्ण बाह्या. शेडमध्ये लहान मुलं नकोत. काही पॉलिस्टर पावडरींत टीजीआयसी नावाचा हार्डनर असतो, तो आरोग्याला घातक मानला जातो. घेतानाच टीजीआयसी नसलेली मागा.

कोणती पावडर घ्यावी? सायलेन्सरला चालेल का?

गाडी उन्हात उभी राहते, म्हणून शुद्ध पॉलिस्टर. इपॉक्सी गंजाला उत्तम, पण उन्हात खडूसारखी पांढरट पडते. तिचा उपयोग खालच्या अस्तरासारखा करा. इपॉक्सी-पॉलिस्टरचं मिश्रण घरातल्या फर्निचरसाठी असतं. सायलेन्सरला नेहमीची पावडर टिकत नाही, त्यासाठी सिलिकॉनवर आधारलेली वेगळी मिळते.

एक किलो पावडर कागदावर नऊ-साडेनऊ चौरस मीटरला पुरते. घरी निम्मी उडून जाते, म्हणून चार ते पाच धरा. पहिल्यांदा शिकायला काळी अर्धा किलो घ्या.

चेसिस बाहेर दिली तर काय सांगावं?

चेसिस नंबर. तो ठोकलेला असतो, त्यावर जोराचं ब्लास्टिंग झालं आणि वर जाड थर बसला की अक्षरं बुजतात. एम.एच. १० असो की साताऱ्याची एम.एच. ११, पासिंगला आणि गाडी नावावर करताना तो नंबर वाचता यावाच लागतो. देण्याआधी स्वतः त्यावर टेप लावा, फोटो काढून ठेवा, आणि कोटिंगवाल्यांना तोंडी न सांगता चिठ्ठी बांधून द्या. गाडीचा मूळ रंगच बदलणार असाल तर आरटीओत नोंद करून घ्या.

उरलेली पावडर पावसाळ्यात कशी ठेवावी?

घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत जमिनीलगत. पत्र्याच्या शेडमध्ये नाही. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हात शेड इतकी तापते की पूड डब्यातच गोळा होते. वापरायच्या आधी डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण उघडा. मग बारीक चाळणीने चाळा. ती चाळणी पावडरचीच, डब्याबरोबरच ठेवायची.